भिंतीकडे तोंड

"आज तोंड उघडलं नाही, तर हात बांधा आणि नळी घाला," वॉर्डाच्या दारातून डॉक्टर म्हणाले. "भिंतीशी बोलायला ताकद आहे, जेवायला नाही. हिची भाषा कळते का इथे कुणाला?"

सिस्टरने मान हलवली. नाही.

"डोंगरातली माणसं ही, साहेब," आया म्हणाली. "भिंत बरी पडते त्यांना. उलट उत्तर देत नाही."

सगळे हसले. सिस्टरही हसली.

म्हातारी रस्त्यावर सापडली होती. आणल्यापासून अन्नाला शिवली नव्हती. ताट आलं की भिंतीकडे वळायची आणि पुटपुटत बसायची. सिस्टरला शब्द न् शब्द कळत होता. मी अमकीची लेक, ती अमकीची लेक. परक्या छपराखाली आधी आपल्या आया-आज्यांची नावं सांगायची, आणि तिथलं कुणी आपली सांगेपर्यंत घास घ्यायचा नाही, ही डोंगरातली रीत. सिस्टरच्या आईने ती जन्मभर पाळली. सिस्टर मात्र नोकरी लागल्यापासून कुणी विचारलं की शहरातली होती. देवापुढे हात जोडतानाही ती बोली आता ओठांवर येऊ देत नसे. हाताची एक सवय तेवढी राहिली होती. ताट ठेवलं की ते अर्धं फिरवायचं, तिकडच्या बायका फिरवतात तसं.

आजही तिने ताट ठेवलं, फिरवलं. म्हातारी भिंतीकडे वळली.

आयाने पट्टे आणले. एक हात तिने बांधला, दुसरा सिस्टरने धरला. मनगट दोन बोटांत मावलं. आईचं शेवटी असंच झालं होतं. म्हातारीने हात ओढून घेतला नाही. नुसती नावं सांगत राहिली.

सिस्टरच्या हातून पट्टा गळला. सगळ्यांसमोर, मोठ्याने, त्याच बोलीत तिने आपल्या आईचं नाव घेतलं. मग आजीचं. पणजीच्या नावाशी तिचा आवाज फाटला.

आया बघतच राहिली. डॉक्टरांनी काहीतरी विचारलं, ते सिस्टरला ऐकू गेलं नाही.

म्हातारी वळली. मोकळ्या हाताने तिने घास घेतला, सावकाश गिळला. मग पहिल्यांदाच सिस्टरच्या डोळ्यांत बघून ती हळू आवाजात म्हणाली,

"पहिल्या दिवशी ताट फिरवलंस, तेव्हाच ओळखलं होतं तुला. ह्यांच्यासमोर तुझी पंचाईत नको, म्हणून तर भिंतीला सांगत होते, बाळा."