फक्कीची रिंगणं

"खड्डे फक्कीच्या खुणेवरच घेतलेत की, ताई," हातातली पहार टेकवत मुकादम म्हणाला. "अकरा रिंगणं, अकरा खड्डे. आमचं चुकलं कुठं?"

त्याचं काहीच चुकलं नव्हतं. रिंगणं आमचीच होती. माळरान राखणाऱ्या आमच्या मंडळानं शाळेतल्या मुलांना टिटवीची घरटी शोधायला शिकवलं होतं. टिटवी उघड्या जमिनीवर मातीच्या रंगाची अंडी घालते. ती कुणाच्या पायाखाली येऊ नयेत म्हणून मुलांनी काल घरट्यांभोवती पांढऱ्या फक्कीची रिंगणं आखली होती.

आज पर्यावरण दिन. वृक्षारोपणाला आलेल्या साहेबांना पडीक माळ हिरवा करायचा होता. पडीक म्हणे! इथं ससे आहेत, खोकड आहेत, चंडोल आहेत. पण झाड दिसलं नाही की जमीन ओसाड, एवढीच यांची अक्कल. माळावर खड्डे घेऊ नका म्हणून मी तीन अर्ज दिले होते. एकही कुणी उघडून पाहिला नाही.

डोक्यावर टिटव्या टाहो फोडत घिरट्या घालत होत्या. "किती कलकलाट करतात हो!" म्हणत साहेबांनी हसून गुलमोहराचं रोप माझ्यापुढे धरलं. "या मॅडम, फोटोत या."

"कलकलाट नाही, साहेब. अंडी गाडलीत तुम्ही त्यांची." रोप त्यांच्या बुटांपाशी ठेवून मी चालू लागले.

काल फक्की संपली म्हणून बाराव्या घरट्याला रिंगण घालायचं राहून गेलं होतं. मुलं केवढी हिरमुसली होती. माळावर आज तेवढंच एक घरटं शाबूत होतं.