चाकांचं की होड्यांचं

मार्सेलिनने खोपीत शिरून आतून कडी घातली, तसा अंगणात बोंबील चिरणाऱ्या त्याच्या बायकोचा, सेलीनचा, हात थांबला.

तारोडीच्या किनाऱ्यावर मचवे बांधणारा हा माणूस. उभ्या जन्मात दार लावून त्याने काम केलं नव्हतं. उलट येणारा-जाणारा फळीवर बसून फुकटचे सल्ले द्यायचा आणि हा हसत रंधा मारायचा. आणि आता कडी! सेलीनच्या मनात पाल चुकचुकली नसती तरच नवल.

बरं, कडी एक वेळ सोडा. हा समुद्रावरून हंडे भरभरून खारं पाणी आणायचा आणि खोपीत न्यायचा. होड्या किनाऱ्याला लागल्या की धावत सुटायचा आणि म्हावऱ्याचं सोडून विमानांचं विचारायचा. आरमाराचं, दुहेरी पंखांचं विमान कुणाला दिसलं काय? खाली काय होतं, चाकं की पाण्यावर उतरायच्या होड्या? शेजारच्या जानूच्या बायकोने पहिल्यांदा हे हसून सांगितलं. काल सांगताना ती हसली नाही. लढाईचे दिवस, डोंगरावर फौजेची चौकी बसलेली. पलीकडच्या गावातल्या एकाला रात्री नुसता कंदील उघडा ठेवला म्हणून उचलून नेलं होतं.

त्यांचा एकुलता एक लेक इनास आरमारात, बिनतारी संदेशाच्या कामावर. लेक सरकारच्या जहाजावर आणि बाप सरकारच्या विमानांची माहिती गोळा करतोय! ह्याचं काही बाहेर आलं तर पोराचं काय होईल? सेलीनला घास गोड लागत नव्हता. आणि नवरा तर नजरेला नजर द्यायला तयार नव्हता.

अंगणात काठी वाजली. लीलाधर पाटील आला होता. नांगराच्या दोरात पाय सापडून लंगडा झाल्यापासून त्याचं दर्यात जाणं सुटलं होतं. सगळा जोर आता पोलीसपाटीलकीवर.

"सेलीनबाय, नवरा कंय हाय?"

ती तोंड उघडायच्या आत त्याने काठीने खोपीचं दार बडवलं. कडी निघाली. मार्सेलिनच्या बाह्या कोपरापर्यंत भिजल्या होत्या.

आत लाकडाची मोठी दोण खाऱ्या पाण्याने भरलेली. बाकावर हातभर लांबीचं सागवानी विमान, ओलं. पंखांवर पंख, मध्ये बारीक काड्यांचे टेकू, नाकाशी इंजिनाच्या जागी जाळ्याचं शिसं बसवलेलं. खाली दोन चाकं. शेजारी वीतभर लांबीच्या दोन निमुळत्या होड्या सुट्या पडल्या होत्या.

"मंजे खरा हाय तर," पाटील म्हणाला. "चौकीवरून विचारना आलीय, मार्सेल. सांजचा सायब येतोय. कोनासाठी बनवतोस हे?"

मार्सेलिनने ओल्या विमानावरून फडकं फिरवलं.

"अरे, आरमाराचं विमान हाय ते! कोनाला देनार हायस?"

"पाटील," मार्सेलिन हळूच म्हणाला, "तू तरी पायलास काय कवा? चाकांचं होतं की होड्यांचं?"

"मना, पाटलालाच इचारतोस?" पाटील भडकला.

सेलीनचा धीर सुटला. तिने पुढे होऊन नवऱ्याचा ओला हात धरला. "बोला ना! पोर तिकडं आरमारात हाय, त्याच्या जिवाची तरी काळजी करा! कोनाला इकलं तुमी सोताला?"

मार्सेलिनने बाकाला पाठ टेकली. तो तिच्याकडे बघत नव्हता, दोणीतल्या पाण्याकडे बघत होता.

"डोंगरीचा फ्रँक रजेवर आलाय. इनासच्याच जहाजावर असतो. तो सांगत होता, विमान उडलं ते परत आलं न्हाय. दर्यात पडलं. बिनतारीवर आपला इनास होता त्यात."

सेलीनला कोयता अजून आपल्या हातात आहे हे आता कळलं. तिने तो खाली ठेवला.

"जहाजावर दोनी परीची विमानं होती," मार्सेलिन बोलत राहिला, मचव्याचं गिऱ्हाइकाला समजवावं तसा. "चाकांची आन होड्यांची. इनास कंच्यात बसला ते फ्रँकला म्हाईत न्हाय. म्हनून मी बनवून बघितलं. वजनं बरोबर घातली, पानी दर्याचंच घेतलं. चाकांवर सोडलं की नाक खाली घालतं. बुडतं. होड्या लावल्या की तरंगतं. अख्खा दिवस सोडलं तरी तरंगतं." तो थांबला. "होड्यांचं असलं तर कोनीतरी काढला असंल त्याला. खात्री झाल्याबिगर तुला कसा सांगू?"

पाटलाने डोक्यावरची टोपी काढली. बाहेर बोंबलांवर कावळे उतरले होते, त्यांना हाकलायला कुणी गेलं नाही.

"होड्यांचं," पाटील एकदम म्हणाला. "मी पायलंय. पान्यावर बसलेलं."

मार्सेलिनची मान झटकन वर आली. "कंय? कवा पायलंस?"

पाटील काठीच्या टोकाने भुईवरचा भुसा उकरू लागला.

सेलीनने त्याच्या आखडलेल्या पायाकडे पाहिलं. मग तोंडाकडे, इतके दिवस नवऱ्याच्या तोंडाकडे पाहत आली होती तसं, निरखून. पाटलाने नजर वर केली नाही.

"पाटील पायलं म्हनतात ना," ती नवऱ्याला म्हणाली. "मंग तसाच असंल. तुमी होड्या बसवा."

तिने विमान उचललं, खालची दोन्ही चाकं मोडून काढली आणि बाहेर जाऊन पेटत्या चुलीत घातली.