जाड पाकीट

"हात नसलेला एखादा नाही का?" फ्रेमवाल्याने विचारलं.

काउंटरवर आईचे सात फोटो मांडले होते. सहांमध्ये तिचे ओठ घट्ट मिटलेले, ओळखपत्रासाठी बसवल्यासारखे. सातव्यात ती मनापासून हसत होती. डोळे बारीक झाले होते, मान मागे गेली होती आणि तोंडावर हात होता.

"हाच," लेक म्हणाली. "भिंतीवर हसरीच हवी."

फ्रेमवाल्याने फोटो पडद्यावर मोठा केला. "मग हात काढून टाकतो. खाली ओठ बसवू, दात बसवू. कुणाला कळणारही नाही. फ्रेमचे चारशे, दातांचे तीनशे वेगळे."

"दातांचे वेगळे," वडील म्हणाले. "दवाखान्यातही असंच म्हणाले होते."

पुढचे चार दात गेल्यापासून आई अशीच हसायची. नवे दात कार्डावर करून टाकू, वर्षभर हप्ते भरू, असं लेकीने दोनदा सुचवून पाहिलं होतं. "आणि हप्ते फिटेपर्यंत ते दात कुणाचे? दुसऱ्याच्या दातांनी मी नाही बाई हसायची," आई म्हणाली होती. तेही तोंडावर हात धरूनच. पैशांच्या बाबतीत घरात तिच्यापुढे कुणाचं चालत नसे. भाडं, वीज, औषधं, प्रत्येकाचं वेगळं पाकीट, जुन्या कॅलेंडरच्या पानांचं, बिस्किटांच्या डब्यात उभं लावलेलं. एका पाकिटातले पैसे दुसऱ्या कामाला काढले, तर कशाला काढले ते लिहून चिठ्ठी आत टाकायची. मग काढणारा कुणी का असेना.

लेकीने पर्स उघडली.

"ते कार्ड आत ठेव," वडील म्हणाले. "अख्खी नोकरी बस चालवली, पण कुणापुढे हात पसरला नाही. आता तुझ्या आईला हप्त्यांवर भिंतीवर लावू?" ते फ्रेमवाल्याकडे वळले. "आमच्याकडे उधारीची पद्धतच नाही. बसवा दात. काचही चांगली घाला. डब्यातलं सगळ्यात जाड पाकीट आणलंय."

त्यांनी ते शर्टाच्या खिशातून काढलं. वर आईच्या अक्षरात 'दात' असं लिहिलं होतं. वडिलांनी ते वाचलं नसावं. नुसती जाडी पाहिली असावी.

पाकीट काउंटरवर पालथं झालं. नोटा चारपाचच निघाल्या. बाकी सगळ्या चिठ्ठ्या, आईच्या शिवणकामाच्या पावत्यांच्या पाठकोऱ्या तुकड्यांवर लिहिलेल्या. फ्रेमवाला स्वच्छ असलेली काच पुन्हा पुसू लागला.

लेकीने दोनतीन सरळ केल्या. 'फी.' 'गॅस, पाहुणे होते.' 'पुन्हा फी.'

वडिलांनी एक उचलली. लांब धरली, जवळ धरली. मग खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि वाचली. 'यांचा चष्मा.'

त्यांनी ती चिठ्ठी बाकीच्या चिठ्ठ्यांवर ठेवली. नोटांकडे पाहत म्हणाले, "यात किती आहेत?"

"साडेचारशे," फ्रेमवाला म्हणाला. "असू द्या हो काका. दातांचे सवडीने द्या. तुम्ही काय पळून जाताय?"

"नको."

"बाबा, मी देते ना," लेक म्हणाली.

"नको म्हटलं ना. हात राहू दे."

"पण काका, चेहरा अर्धाच दिसेल," फ्रेमवाला म्हणाला.

"आम्ही तेवढाच पाहिलाय."

फ्रेमवाल्याने चारशे उचलून गल्ल्यात टाकले, पावती फाडून दिली आणि पन्नासची नोट पुढे सरकवली. लेक चिठ्ठ्या गोळा करून पाकिटात भरू लागली.

"थांब," वडील म्हणाले.

काउंटरला दोरीने बांधलेलं पेन त्यांनी ओढून घेतलं. पावतीचा कोपरा फाडला आणि जपून, एकेक अक्षर काढत, 'फोटो' असं लिहिलं. मग पन्नासची नोट आत टाकली आणि ती चिठ्ठी सगळ्यांच्या वर ठेवली.

पाकीट होतं तेवढंच जाड राहिलं.