दार बसायच्या आधी

महिपती सुताराने पहार उंबरठ्याखाली सारली आणि तो थांबला. दाराच्या दोन्ही फळ्या त्याने सकाळीच उतरवून अंगणात आडव्या टाकल्या होत्या. जुनी चौकट निघाली होती, तिच्या बाजूची हातभर भिंतही फोडून झाली होती. आता एवढा उंबरठाच उरला होता.

"वहिनी, पुन्हा इचारतो. नवीन दाराला उंबरठा नकोच?"

"नको."

"लक्ष्मी कुठनं येईल मग?"

"लक्ष्मीला काय, ती उंबऱ्यावरनं पण येते नि सपाटीवरनं पण," चंद्रावती म्हणाली. "यांना नाय येत."

खोलीच्या आतल्या कोपऱ्यात नाथा चाकाच्या खुर्चीत दाराकडे पाठ करून बसला होता. आठ दिवस त्याचं एकच पालुपद चाललं होतं, बिनउंबरठ्याचं घर म्हणजे गोठा. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर कौलं परतताना तो छपरावरून पडला आणि त्याचं कमरेखालचं अंग गेलं. त्याला अकरा महिने झाले. पेणला डॉक्टरकडे न्यायचं तर चौघांनी खुर्चीसकट उचलायचं. एरवी तो बाहेरचं नाव काढत नसे. मागच्या आठवड्यात त्यांच्या मुलाने, हितेशने, पायऱ्यांच्या जागी सिमेंटचा उतार करून घेतला, तेव्हा त्याने वाकूनसुद्धा बघितलं नाही. त्याला धास्ती रस्त्यावरच्या नजरांची होती, हे चंद्रावतीला ठाऊक होतं. उंबरठा हा नुसता बहाणा होता.

तिने उंबरठ्याला हळद-कुंकू लावलं. "माफ कर गो बाय," ती पुटपुटली आणि बाजूला झाली. "काढा भाऊजी."

तीन हिसक्यांत तो निघाला. महिपतीने खड्ड्यात खडी भरली, वर फळी टाकली. सकाळपासून उडत असलेली धूळ खाली बसली तसा उजेड थेट चुलीपर्यंत आला. रस्त्यावरून घर आरपार दिसू लागलं. नाथाने खुर्ची इकडे वळवली, तिकडे वळवली, पण आडोसा कुठेच राहिला नव्हता.

रस्त्यावरून पुंडलिक मोटरसायकलने चालला होता. नाथाच्या खाडीकाठच्या शेताला त्याचं शेत लागून होतं. त्याने करकचून ब्रेक दाबला.

"नाथादादा! अरे, दिसलास बाबा!"

नाथा म्हणाला, "अकरा महिन्यांत येऊन नाय बघितलंस."

"दोनदा आलो. दार लोटलेलं. वाटलं झोपला असशील, कशाला उठवा." पुंडलिक फळीपाशीच उभा राहिला. "बरा भेटलास. बांध झिरपतोय आपला. काल भरतीचं खारं पाणी आत आलं. आम्ही माती टाकतोय, ती वाहून जाते."

"कुठल्या अंगाला टाकताय?"

"शेताच्या."

"शेताच्या?" नाथाने कपाळावर हात मारला. "अरे, पाणी येतंय खाडीकडनं. आधी त्या अंगाने तोंड बुजवायला नको? ओहोटी लागली की खेकड्याचं बीळ शोधायचं, तिथनं चिकणमाती ठासत यायचं."

"बिळं पन्नास हायत. त्यातलं कुठलं?"

नाथा हातवारे करून सांगू लागला. पुंडलिक मान हलवत होता, पण त्याला काही कळत नव्हतं, हे लांबूनही दिसत होतं. नाथाचा आवाज चढत गेला. शेवटी त्याने दोन्ही हात चाकांवर आपटले.

"तुला नाय कळायचं. चल, दाखवतो."

चंद्रावती धावून खुर्चीमागे गेली. मुठीला तिचे हात लागले तोच नाथा म्हणाला, "हात काढ."

तिने काढले.

"अरे थांब, चौकट तरी बसू दे!" महिपती ओरडला. चाकं फळीवर चढली, धडधडली आणि उतरली. उतारावर नाथाने तळव्यांनी चाकं दाबून धरली, तोल सांभाळला आणि रस्त्याला लागला. रस्ता बांधापर्यंत सिमेंटचा होता. पुंडलिकने मोटरसायकल तिथेच सोडली आणि तो शेजारून चालू लागला. नाथा अजून बोलतच होता. वळणावर दोघं दिसेनासे झाले, तरी त्याचा आवाज येत राहिला.

चंद्रावतीने खोली झाडली. चहा ठेवला. सवयीने दोन कप ओतले, मग हसून एक महिपतीला नेऊन दिला. आपला कप घेऊन ती मोकळ्या दारात वाऱ्याला बसली. मध्येच कुणाची हाक येत नव्हती, चहा गरम होता.

वरच्या आळीतली शांती हातात कागद घेऊन आली. कडी वाजवायला दारच नव्हतं. ती गोंधळून फळीपाशी उभी राहिली.

"चंद्राताय, नाथाभाऊ घरात हायत का? देवळाच्या कागदावर सही पायजे."

"नायत गो घरात," चंद्रावती म्हणाली. आपलंच वाक्य तिला ऐकू आलं. तिने ते पुन्हा, जरा मोठ्याने म्हटलं. "घरात नायत. भायेर गेलेत."

"कवा येतील?"

"त्यांचा काय नेम!" कप खाली ठेवत चंद्रावती म्हणाली. "एकदा भायेर पडले की पडले."