पाळत

ऑस्ट्रेलियातल्या दूरच्या पिल्बराच्या खाणीवर कामाला निघताना डॅरिल दर खेपेला बायकोला, जॅनीनला बजावायचा, "उगाच कुठेही क्लिक करू नकोस. व्हायरस घरात घेशील." या खेपेला तिकडून फोनवर तो खिदळला, "नर्सिंगचा कोर्स? या वयात?" जॅनीन चपापली. कोर्सबद्दल ती कुणाशी चकार शब्दही बोलली नव्हती. घरच्या कॉम्प्युटरवर फक्त त्याची माहिती शोधली होती. तिनं शेजारच्या ट्रिशला बोलावलं. ट्रिशनं कॉम्प्युटर तपासून नाक मुरडलं. "बाहेरचा व्हायरस नाही गं. तुझ्या नवऱ्यानंच हेर बसवलाय. तू टाइप केलेलं सगळं त्याच्या फोनवर दिसतं. काढू?" "थांब. एवढं शेवटचं वाचू दे त्याला." जॅनीननं सावकाश टाइप केलं, "तुझ्याशी भांडायचीसुद्धा मला लाज वाटते. कुलूप बदलतेय. सामान तुझ्या आईकडे पाठवतेय." मिनिटाभरात फोन वाजू लागला. तसाच वाजू देत ती ट्रिशला म्हणाली, "आता काढ ती घाण."