कोपरे धर

"गरम पाणी ओतू नकोस," थोरली बाथरूमच्या दारातूनच म्हणाली.

धाकटी जाऊ टबापाशी बसली होती. टबात लिननचा मोठा टेबलक्लॉथ आणि तिच्या हातात वाफाळता तांब्या. तिनं तांब्या खाली ठेवला. "बरं, ताई."

आदल्या दिवशी धाकटी पुन्हा कामावर रुजू झाली होती. त्या आनंदात संध्याकाळी सगळं घर एकत्र जेवायला बसलं, आणि थोरलीनं आईकडून आलेला हा टेबलक्लॉथ कपाटातून बाहेर काढला. बोलण्याच्या भरात सासऱ्यांचा कॉफीचा कप आडवा झाला. त्यांनी डागावर बशी ठेवली आणि टेबल आवरेपर्यंत ते जागचे हलले नाहीत.

थोरलीनं डाग उलट्या बाजूनं नळाखाली धरला. कॉफीत दूध होतं, गरम पाणी लागलं तर डाग पक्का बसेल, असं तिनं समजावलं. गार पाण्यानं तो हळूहळू सोडवायचा. मग साबणाचा फेस, तोही नुसत्या बोटांनी. ब्रश लावायचा नाही, आणि पिळायचं तर मुळीच नाही. धाकटी प्रत्येक वाक्याला बरं म्हणत होती. नेमकं हेच थोरलीला सोसत नव्हतं.

धाकटीच्या पोटात थोरलीची किडनी होती. घरच्यांना त्याची आता सवय झाली होती, धाकटीला नव्हती. ऑपरेशनच्या आधी दोघींचं फारसं पटायचं नाही, फ्रिजमधल्या कप्प्यांवरूनही धुसफूस चालायची. आता धाकटी थोरलीच्या आधी उठायची, तिचे कपडे इस्त्री करून ठेवायची, जिन्यात तिच्या हातातली पिशवी काढून घ्यायची. आभार मानायचे मात्र राहूनच गेले होते. दवाखान्यात एकदा तिनं सुरुवात केली, तर थोरलीनं नर्सला हाक मारून सलाइन बघायला लावलं. घरी आल्यावर एकदा विषय काढला, तेव्हा थोरली भाजी करपतेय म्हणून उठून गेली. गॅसवर काहीच नव्हतं.

डाग गेला. टेबलक्लॉथ टॉवेलात गुंडाळून दोघींनी तो दाबून दाबून टिपला. धाकटीनं ते ओलं गाठोडं एकटीनं उचलायला घेतलं. डॉक्टरांनी मला वजन उचलायला केव्हाच परवानगी दिली आहे, असं थोरलीनं सांगून पाहिलं. धाकटी ऐकेना.

थोरलीनं जिन्याची वाट अडवली. "अगं, मी तुला किडनी दिली. कामाला नाही ठेवलं."

गाठोडं दोघींनी मिळून गच्चीवर नेलं.

वाळत घालण्याआधी लिनन ताणून घ्यावं लागतं, म्हणजे इस्त्रीला त्रास देत नाही. गच्चीवर टाकीच्या सावलीत थोरलीनं दोन कोपरे धरले, धाकटीला समोरचे दोन धरायला सांगितले आणि ओढ म्हणाली. धाकटीनं ओढलं, पण पलीकडे ताप आलेलं मूल असावं इतक्या बेतानं. कापड मधे झोळीसारखं लोंबत राहिलं.

"ओढ ना. मी काय कागदाची आहे?"

"बरं," म्हणून धाकटीनं पुन्हा तसंच केलं.

तेव्हा थोरलीनं दात आवळले आणि एकदम हिसका दिला. धाकटीच्या हातून दोन्ही कोपरे सुटले आणि धुतलेला टेबलक्लॉथ गच्चीवरच्या धुळीत पडला.

"जरा सांगून ओढत जा की, ताई. प्रत्येक वेळी आपलंच खरं करायचं." धाकटीचा आवाज चांगलाच चढला होता. तो तिच्याच कानावर आला आणि तिनं तोंडावर हात ठेवला.

थोरली हातातलं कापड सोडून कठड्याला टेकली. आधी तिचे खांदे हलले, मग हसू फुटलं, आणि हसता हसता ती कुडत्याच्या बाहीनं डोळे पुसू लागली. खालून तिच्या नवऱ्यानं काय झालं म्हणून विचारलं. ती कठड्यावरून वाकली आणि पोरगी पहिली आल्याचं सांगावं तसं म्हणाली, "काही नाही. हिनं मला झापलं."

धाकटी अजून तिथंच उभी होती. ती म्हणाली, "ताई, मी जिवंत आहे ती तुमच्यामुळे."

या वेळी थोरलीनं भाजीचं नाव काढलं नाही. खाली बसून ती टेबलक्लॉथ गोळा करू लागली. ऑपरेशननंतर शुद्धीवर आल्या आल्या तिनं धाकटीचीच चौकशी केली होती, असं ती सांगू लागली. नर्सनं सांगितलं, नव्या किडनीनं काम सुरू केलंय, पेशंटला लघवी झाली.

"लघवीची बातमी ऐकून कुणी एवढं रडतं का? मी रडले. वाटलं, माझ्या हातून एक काम तरी चोख झालं. तू जगलीस, हे माझ्यावरही उपकारच आहेत बाई. पण घरी आलीस ती पाहुण्यासारखी. मला भांडायला माणूस उरलं नव्हतं."

धाकटी तिच्याशेजारी बसली. तिनं टेबलक्लॉथचा एक कोपरा उचलून झटकला.

मग धाकटी म्हणाली, "धूळ लागली सगळी. तुमच्यामुळे."

"माझ्यामुळे? कोपरे तुझ्या हातून सुटले."

"हिसका कुणी दिला?"

टाकीच्या नळाखाली टेबलक्लॉथ पुन्हा खंगाळेपर्यंत हे चालूच होतं. थोरलीनं परत दोन कोपरे धरले. धाकटीनं चप्पल काढून बाजूला ठेवली, पाय रोवले, आणि अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून ओढलं.