एक्केचाळीस नंबरचा टेहळ्या

"आत मोकळं आहे. ये खाली," हार्लन रेडिओवर म्हणाला, आणि शब्द तोंडातून गेल्यावर त्याला ती पिवळी गाडी दिसली. शर्यतीतल्या एक्केचाळीस नंबरच्या गाडीच्या डाव्या दाराला ती जवळजवळ चिकटून धावत होती. एक्केचाळीस नंबरात त्याचा मुलगा ट्रॅव्हिस होता. ताशी एकशे ऐंशी मैलांचा वेग. पुन्हा बटण दाबून ओरडायलाही सवड नव्हती.

पण ट्रॅव्हिस खाली आलाच नाही. वळण संपेपर्यंत तो वरची, बाहेरचीच वाट धरून राहिला. पिवळी गाडी पुढे निघून गेली, मग तो सावकाश आत उतरला. "थँक्यू, डॅडी," तो म्हणाला. आवाज नेहमीसारखाच होता.

गाडीत बसलेल्याला समोरचं दिसतं, बाजूचं दिसत नाही; मान वळवायला जागाच नसते. म्हणून प्रत्येक गाडीचा एक टेहळ्या स्टँडच्या छतावर उभा राहतो आणि आत कोण, बाहेर कोण, हे क्षणाक्षणाला कानात सांगत राहतो. हार्लन नऊ वर्षं हेच करत आला होता. मे महिन्यात ट्रॅव्हिस जिंकला तेव्हा टीव्हीवाल्यांसमोर म्हणाला होता, "गाडी माझी, डोळे डॅडींचे." हे एक वाक्य सांगून सांगून हार्लनने चर्चपासून न्हाव्याच्या दुकानापर्यंत सगळ्यांना भंडावून सोडलं होतं.

आणि ते डोळे तर मार्चपासूनच दगा देत होते. ज्याच्याकडे सरळ बघावं त्याच्या जागी राखाडी डाग. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, डाग जाणार नाही, वाढत जाणार. हार्लनने हे कोणापाशी बोलून दाखवलं नाही. गेल्या हिवाळ्यात बायको वारली होती. सोमवार ते गुरुवार घर खायला उठायचं, शुक्रवारी सराव सुरू झाला की माणसात आल्यासारखं वाटायचं. शुक्रवार-शनिवार त्याने अंदाजाने, जुन्या सवयीने, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत कसेबसे निभावले होते. रविवारी भर शर्यतीत मात्र पोराच्या जिवावर बेतलं असतं.

तेवढ्यात चौथ्या वळणावर कोणाची तरी गाडी गरगरली. सावधगिरीचा पिवळा झेंडा फडकला आणि सगळ्या गाड्या एकामागे एक संथ फिरू लागल्या. हार्लनने कानावरचा हेडफोन काढला.

शेजारी लोनी उभा होता. हा हार्लनचा जुना दोस्त, निवृत्त टेहळ्या. घरी बसलं की बायको गॅरेज साफ करायला लावते, असं म्हणत या हंगामात तो दर रविवारी छतावर हजर व्हायचा. कानाला स्वतःचा हेडफोन, तोंडासमोर माइक, आणि अखंड पुटपुट. "म्हातारपणी खुळावलास," म्हणून हार्लन त्याची टर उडवायचा.

"लोनी, हा घे. घाल," हार्लन म्हणाला. "मला दिसत नाही रे. आत्ता पोराला मारलंच होतं मी. तू बघ त्याच्याकडे. माझं संपलं."

लोनीने हेडफोनला हात लावला नाही. त्याने आपला माइक मुठीत झाकला.

"मी बघतोच आहे," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"मार्चपासून. रेडिओच्या दुसऱ्या वाहिनीवरून. तो तुझं ऐकतो, माझंही ऐकतो. पण गाडी हलवतो ती माझ्या सांगण्यावर."

हार्लनने विचारलं, "मे महिन्यात जिंकला तेव्हाही?"

लोनीने बुटाने शेंगांची टरफलं बाजूला सारली.

"कोणाकोणाला माहीत आहे?" हार्लन म्हणाला.

"टायर बदलणाऱ्यांपासून सगळ्यांना. सरावात तू दोनदा चुकलास तेव्हाच त्याने ओळखलं. आम्हाला शपथ घातली. म्हणाला, मम्मा गेल्यावर डॅडींजवळ एवढंच उरलंय, हे काढून घेतलं तर ते खुर्चीत बसल्या बसल्या मरतील. आता शिव्या द्यायच्या तर त्याला दे बाबा. मला सकाळपासून बायकोच्या पुरेशा झाल्यात."

हार्लनला हसू आलं नाही. त्याला लाज वाटली. रागही आला, आणि तो कोणावर काढावा हे कळेना. सहा महिने पोर त्या वेगात गाडीबरोबर आपल्या बापालाही सांभाळत होता, दर फेरीला दोन आवाज ऐकत होता आणि त्यातल्या चुकीच्या आवाजाचे आभार मानत होता. हार्लनचे डोळे भरून आले.

खाली पुन्हा वेग घेण्यासाठी गाड्यांच्या दोन रांगा लागल्या होत्या. हिरवा झेंडा आता कधीही फडकला असता. हातातल्या हेडफोनमधून बारीक आवाज येत होता. हार्लनने तो कानाला लावला.

"डॅडी? आहात ना? एकदम गप्प झालात."

लोनीने मान फिरवली. हार्लनने खाली पाहिलं. सगळे रंग एकमेकांत कालवल्यासारखे झाले होते. त्यात त्याचा पोर कुठे होता, हे त्याला कोणी शपथ घालून विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं.

त्याने बटण दाबलं.

"आहे रे पोरा, इथेच आहे," तो म्हणाला. "दिसतोयस मला. अगदी स्वच्छ दिसतोयस."